पॉवर वीडर गरम झाला की बंद पडतो? इंजिन खोलण्याआधी हे सगळं बघून घ्या

काटोल, कळमेश्वर, सावनेर, नरखेड या पट्ट्यात आता संत्र्याच्या बागेत, पऱ्हाटीत, तुरीत सगळीकडे पॉवर वीडर, म्हणजे ओळींमधलं तण काढणारी छोटी मशीन, फिरतात, आणि माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशिनींमध्ये एकच तक्रार सारखी असते. सकाळी पहिल्या-दुसऱ्या दोरीत चालू होते, थोडा वेळ मस्त चालते आणि मग ओळीच्या मधोमध बंद. सावलीत ठेवली, आपण चहा घेतला की पुन्हा चालू. मग पुन्हा बंद. दोन दिवस असं झालं की माणूस वैतागून मशीन गाडीत टाकतो आणि दुकानात नेतो, तिथे पोचेपर्यंत ती गार झालेली असते, मेकॅनिक दोरी ओढतो, लगेच चालू होते, तो म्हणतो काही नाही झालं भाऊ, प्लग बदलून देतो. परत वावरात तेच.

म्हणून सगळ्यात आधी हे लक्षात घ्या, हा बिघाड गरम मशीनमध्ये असतो आणि गार मशीनमध्ये दिसत नाही. तपासायचा तर ती बंद पडली त्याच मिनिटाला, तिथेच धुऱ्यावर तपासायचा. त्यासाठी सोबत एक पिशवी ठेवा: प्लगपाना, १० नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, एक नवा प्लग, एक रिकामी काचेची बाटली, जुनं सुती फडकं आणि हातमोजे, कारण सायलेन्सर चांगलाच भाजतो. एवढ्यात बहुतेक दोष सापडतात.

मी जे लिहितोय ते ७ एचपीच्या आसपासच्या, २१२ सीसी, एका सिलेंडरच्या एअर कूल्ड पेट्रोल इंजिनसाठी आहे. तेच इंजिन मिनी टिलरला, पाण्याच्या पंपाला, फवारणीच्या एचटीपीलाही असतं, त्यामुळे तिथेही हे चालेल. डिझेलवाल्यांसाठी ब्लेड, तेल, टाकीचं झाकण, एअर फिल्टर आणि फिन (सिलेंडर गार ठेवणाऱ्या त्याच्यावरच्या पट्ट्या) एवढंच कामाचं आहे, बाकी त्यांचं वेगळं.

लक्षणं नीट बघा, अर्धं काम इथेच होतं

बंद पडताना आवाज कसा येतो ते ऐका. स्विच मारल्यासारखी एकदम बंद झाली तर करंटचा दोष किंवा तेलाचा सेन्सर. आधी रेस वरखाली होते, गुदमरते, फट्फट् करते आणि मग बंद होते, तर पेट्रोल कमी पडतंय. बंद पडायच्या बेतात असताना चोक अर्धा ओढला आणि सावरली, तर नक्कीच पेट्रोल कमी, म्हणजे टाकीचं झाकण, जाळी किंवा जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पार्ट). काळा धूर येतो आणि जड चालते तर हवा कमी, फिल्टर बघा. उभी असताना छान चालते आणि माती लागली की बसते, तर ब्लेड, खोली, फिल्टर किंवा मेन जेट. गरम झाल्यावर दोरी हलकी लागते, ओढताना जोरच लागत नाही, तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची गॅप. निळा धूर आणि तेल कमी होतंय तर ही पोस्ट सोडा, ते काम मेकॅनिकचं आहे, त्यावर शेवटी लिहिलंय.

पैसे न लागणारं आधी: ब्लेड, खोली आणि वाफसा

बऱ्याचदा इंजिनात काहीच नसतं, आपणच त्याच्यावर जास्त लोड टाकलेला असतो. आपली काळी माती ओली असली की ब्लेडला धरते. वाफसा आलाय का ते मूठभर माती दाबून बघा, गोळा होऊन हाताला चिकटत असेल तर अजून थांबा. ओल्यात चालवली की इंजिनाचा दम जातो आणि मातीचीही ढेकळं होतात, दोन्हीकडून नुकसान.

इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढून ठेवा आणि मगच रोटरला हात लावा. हे दरवेळी. गरम इंजिन अर्ध्या फेऱ्यातही फटका मारू शकतं आणि हात तिथे असेल तर बोट जातं. रोटरच्या दांड्याला हरळी, दोरी, प्लॅस्टिक मल्चिंगचा तुकडा गुंडाळलेला असतो तो विळ्याने कापून काढा, नाहीतर तो सीलमध्ये घुसून गिअरबॉक्सचं तेल गळायला लावतो. ब्लेडची धार कोणत्या बाजूला आहे ते बघा, डावी-उजवी अदलाबदल झाली की ब्लेड माती कापत नाही, पाठीने ढकलते, आणि लोड खूप वाढतो. हे ब्लेड बदलल्यानंतर हमखास होतं.

मागचा खोलीचा दांडा संत्र्यात फार खाली सोडू नका. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्याच थरात असतात, तिथे खोल चालवून झाडालाही त्रास आणि मशीनलाही. दोन हलके फेरे मारा. बेल्टवाली मशीन असेल आणि इंजिन चालू राहून फक्त ब्लेड थांबत असतील तर तो बेल्ट सैल आहे, इंजिनाच्या मागे लागू नका.

तेल, सपाट जागेवर

या इंजिनात ऑइल पंप नसतो, कनेक्टिंग रॉडच्या खालचा चमचा तेल उडवतो आणि त्यावरच सगळं चालतं. तेल कमी झालं की रॉड धरतो आणि मग केसपर्यंत तुटतो. म्हणून बऱ्याच इंजिनात तेलाचा सेन्सर असतो, तो तेल कमी दिसलं की करंटच तोडतो, मशीन एकदम बंद. आता वीडर काम करताना तिरपा असतो, धुरा चढवताना तर फारच, त्यामुळे तेल थोडंसं कमी असलं तरी तिरपं झाल्यावर सेन्सरला ते संपल्यासारखं वाटतं. सपाट जागेवर उभी करा, इंजिन लेव्हलमध्ये आणा, तेल भोकाच्या कडेपर्यंत आलं पाहिजे. या साइजच्या इंजिनात साधारण ६०० मिली बसतं. जास्त भरू नका, जास्त झालं तर ते ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) एअर फिल्टरमध्ये जातं आणि पांढरा धूर देतं.

तेल बरोबर असूनही एकदम बंद पडते तर सेन्सरची वायर, बहुतेक पिवळी असते, ती फक्त टेस्टपुरती काढा. मग चालत राहिली तर सेन्सर खराब, तो बदला. वायर कायमची काढून ठेवणारे लोक आहेत, कृपा करून तसं करू नका.

टाकीचं झाकण

हे एवढं साधं आहे की कोणी बघतच नाही, आणि गरम झाल्यावर बंद पडायचं सगळ्यात जास्त सापडणारं कारण हेच आहे. टाकीतून पेट्रोल खाली उतरलं की तेवढी हवा आत यावी लागते आणि ती झाकणातल्या बारीक भोकातून येते. धुळीने, मातीने किंवा धुताना गेलेल्या चिखलाने ते भोक बुजलं की टाकीत खेच तयार होते, पेट्रोल हळूहळू उतरायचं कमी होतं आणि काही मिनिटांनी कार्बोरेटर कोरडा. आपण थांबतो, तेवढ्यात कुठून तरी हवा शिरते, पेट्रोल पुन्हा उतरतं, मशीन चालू. लोक समजतात गार झाली म्हणून चालू झाली.

बंद पडली की लगेच झाकण सैल करा. सुस्स आवाज आला आणि दोन मिनिटांत चालू झाली तर सापडलं. झाकणाच्या आतली पत्री, स्पंज, रबर काढून पेट्रोलने धुवा, सुईने भोक मोकळं करा, फुंकून बघा हवा आरपार जाते का. नवीन झाकणही महाग नाही. भोक मोठं पाडू नका, पावसाचं पाणी आत जाईल. आणि झाकण सैल ठेवून काम चालवू नका, वीडरच्या धक्क्याने पेट्रोल उडून गरम सायलेन्सरवर पडतं.

पेट्रोल उतरतंय का, आणि कसलं उतरतंय

आता बाटलीचं काम. मशीन थोडी निवू द्या, विडी-सिगारेट लांब, कॉक बंद करा, कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार सलग यायला पाहिजे. थेंब थेंब येतं किंवा धार लागून तुटते तर झाकण उघडून पुन्हा बघा. झाकण उघडल्यावर धार सुधारली तर दोष झाकणाचा, नाही सुधारली तर टाकीतली जाळी, कॉकमधला फिल्टर किंवा नळी. नळी आतून फुगते, वरून चांगली दिसते, मीटरमागे थोडेच पैसे लागतात, बदलूनच टाका.

मग बाटली थोडा वेळ स्थिर ठेवा आणि उन्हाकडे धरून बघा. तळाशी वेगळा थर दिसला किंवा पेट्रोलखाली काचेच्या मण्यांसारखे थेंब फिरताना दिसले तर पाणी आहे. आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई२०. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात, वर नुसतं पेट्रोल राहतं. रोज चालणाऱ्या मोटरसायकलला याचा फार त्रास होत नाही कारण टाकी रिकामी होत राहते. आपला वीडर मात्र डवरणी संपली की कोठ्यात जातो आणि मृगालाच बाहेर निघतो, एवढे महिने तेच पेट्रोल टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये. असं जुनं पेट्रोल वरून नवीन ओतून चांगलं होत नाही, पूर्ण काढा, टाकी फडक्याने पुसून ताजं भरा.

मे महिन्यात नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पेट्रोलची नळी सायलेन्सरला चिकटून गेलेली असेल तर नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि धार तुटते. नळी लांबून फिरवून बांधा, आणि उन्हाळ्यात काम सकाळी उरका.

एअर फिल्टर

वीडरला बहुतेक ऑइल बाथ फिल्टर असतो, खाली वाटीत तेल आणि वर जाळी किंवा फोम. कोरड्या मातीत चालवली तर रोज बघायचा, हो रोज. वाटीतलं तेल चिखलासारखं झालं की काढून केरोसिन किंवा डिटर्जंटच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, खुणेपर्यंत नवीन इंजिन ऑइल टाका. खुणेच्या वर टाकलं तर इंजिन तेच ओढून घेतं. फिल्टर काढून काम करणारे पण बघितलेत, मशीन त्या दिवशी छान चालते आणि एका सीझनमध्ये रिंग-बोअर खाऊन टाकते, कारण काळ्या मातीची बारीक धूळ थेट सिलेंडरमध्ये जाते.

प्लग आणि वायर

प्लग काढून रंग बघा. विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. काळा आणि कोरडा म्हणजे हवा कमी किंवा चोक अडकलेला, काळा आणि तेलकट म्हणजे रिंगेतून तेल येतंय, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी आणि इंजिन तापतंय. गॅप ०.७ ते ०.८ मिमी. नवीन प्लग टाकूनच बघा, सगळ्यात स्वस्त पार्ट आहे आणि जुना प्लग गार असताना ठिणगी देऊन गरम झाल्यावर सोडतो असंही होतं.

ठिणगी बघायची ती बंद पडल्या पडल्या. पेट्रोलचा कॉक बंद, सांडलेलं पेट्रोल पुसलेलं, काढलेला प्लग टोपीत घालून इंजिनाच्या धातूला टेकवा पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण भोकातून पेट्रोलची वाफ येते. जमलं तर स्पार्क टेस्टरच घ्या. निळी, जाड ठिणगी पाहिजे. गरम असताना ठिणगी नाही आणि गार झाल्यावर येते, तर वायर किंवा कॉईल (ठिणगीचा करंट तयार करणारा पार्ट).

वायर आधी. हँडलवरच्या स्विचपासून इंजिनापर्यंत येणारी वायर वीडरच्या हादऱ्याने कुठेतरी पत्र्याला घासते, प्लॅस्टिक सोलतं आणि तांबं पत्र्याला टेकलं की मशीन बंद. हँडल वळवलं की बंद पडते अशी तक्रार असेल तर हेच. कॉईलकडून स्विचला जाणारी वायर काढून चालवून बघा, पण आधी लक्षात ठेवा की आता स्विचने इंजिन बंद होणार नाही, चोक ओढून किंवा कॉक बंद करून थांबवायचं. ही टेस्ट ब्लेड जमिनीवरून उचलून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवूनच करा.

पंख्याचं कव्हर काढा

हे इंजिन हवेनेच गार होतं. दोरीच्या मागे फ्लायव्हीलला पंखा आहे, तो हवा सिलेंडरच्या फिनांमधून ढकलतो. कापसाचा कचरा, वाळलेलं गवत, माती या फिनांमध्ये भरते आणि बाहेरून काही दिसत नाही. कव्हरचे बोल्ट काढा, काडीने आणि कोरड्या ब्रशने साफ करा. गरम इंजिनावर पाण्याचा फवारा मारू नका, हेड वाकतं. कव्हर परत लावायला विसरू नका, त्याच्याशिवाय हवा फिनांकडे वळतच नाही.

कार्बोरेटर

इथपर्यंत काही सापडलं नाही आणि चोक लावल्यावर सावरते, तर आता बाऊल, म्हणजे कार्बोरेटरचा खालचा पेट्रोल साठणारा कप, खोला. खालचा १० नंबरचा बोल्ट, खाली वाटी धरा. तळाशी पांढरी भुकटी, तपकिरी डिंक, किंवा हिरवट डाग दिसतात, हे सगळं उभ्या पेट्रोलचं काम. मधल्या खांबात मेन जेट असतो, पितळेचा, बरोबर बसणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरनेच काढा नाहीतर खाच जाते. तो सूर्याकडे धरून बघा, भोक पूर्ण गोल आणि मोकळं दिसलं पाहिजे. थोडासा थर जमला असला तरी मशीन उभी चालते आणि लोडवर मरते, कारण लोडवर लागणारं पेट्रोल याच भोकातून येतं. जेटच्या वरची लांब नळी, जिच्या अंगावर बारीक बारीक भोकं असतात, तीही काढून साफ करा, ती विसरतात म्हणून आठवड्यात तीच तक्रार परत येते.

साफ करायला कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे आणि हवा. डोळ्यावर चष्मा लावा, स्प्रे उलटा डोळ्यात येतो. लोखंडी तार, ड्रिल बिट घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पिणार. विजेच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार चालते. फ्लोट कानाजवळ हलवून बघा, आत पेट्रोल वाजलं तर तो बदला. गॅस्केट फाटली असेल तर नवीनच घाला, तिथून फालतू हवा ओढली जाते.

सीझन संपला की कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग बाऊल रिकामा राहतो आणि हे सगळं टळतं.

टॅपेट आणि कॉईल, हाताला सवय असेल तरच

व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये बसत जातात आणि टॅपेटची गॅप कमी होते. गार असताना चालतं, गरम झाल्यावर धातू वाढतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कम्प्रेशन गळतं, मशीन बंद आणि गरम असेपर्यंत चालू होत नाही. होंडाच्या जीएक्स धर्तीच्या इंजिनात गॅप इनलेटला ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.२० मिमी, पूर्ण गार इंजिनावर, पिस्टन कम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असताना. तुमच्या मशीनच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या, अंदाजाने करू नका. कम्प्रेशन बघायला नुसती दोरी ओढून पूर्ण कळत नाही कारण या इंजिनात चालू करताना दोरी हलकी लागावी म्हणून कॅमवर डीकम्प्रेसर असतो, प्लगची टोपी काढून फ्लायव्हील हाताने उलटं फिरवलं तर ते अडून परत उसळायला पाहिजे.

कॉईल सगळ्यात शेवटी. कॉईल आणि फ्लायव्हीलच्या चुंबकातली गॅप ०.४ मिमीच्या आसपास, जाड कार्ड मध्ये घालून बोल्ट कसायचे. गरम असताना ठिणगी गेली, वायर-स्विच काढूनही आली नाही, तर कॉईल बदला.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

तेल काढल्यावर त्यात चमकणारा धातूचा चुरा दिसला, आतून ठक् ठक् आवाज येतोय, निळा धूर थांबत नाही, टॅपेट बरोबर करूनही कम्प्रेशन नाही, फ्लायव्हील काढायचं आहे (त्याला पुलर लागतो, हातोडीने मारू नका), किंवा गिअरबॉक्समधून आवाज आणि गळती आहे, तर पाना खाली ठेवा. टाकी झिरपत असेल तर तिला वेल्डिंग अजिबात नाही, रिकामी दिसणारी टाकीही वाफेने फुटते. आणि मशीन वॉरंटीत असेल, अनुदानात घेतलेली असेल, तर कार्बोरेटर खोलायच्याही आधी बिल घेऊन विक्रेत्याकडे जा.

इंजिनच बदलायचं ठरलं तर

रॉड तुटला, केस फुटली किंवा बोअर-पिस्टन-व्हॉल्व्ह सगळ्याचा खर्च नवीन इंजिनाच्या निम्म्याच्या वर जातोय, तर मी इंजिन बदला म्हणतो, फक्त फ्रेम आणि गिअरबॉक्स चांगला असेल तर. गिअरबॉक्सही गेलेला असेल तर दोन्हीवर पैसे घालू नका.

दुकानात जाताना जुनं इंजिन सोबत न्या, फोटो नाही. शाफ्टची जाडी मोजा, १९.०५ मिमी आणि २० मिमी दोन्ही मिळतात, डोळ्याला एकच दिसतात आणि कपलिंग बसत नाही. शाफ्ट चावीचा आहे की निमुळता, लांबी किती, पायाच्या बोल्टची भोकं किती अंतरावर, जमिनीपासून शाफ्टची उंची किती, शाफ्ट कोणत्या बाजूने फिरतो, हे सगळं जुळलं पाहिजे. नाहीतर लेथवाल्याकडे बुश करून बसवलेलं कपलिंग हादऱ्याने सैल होतं.

जास्त एचपीचं घ्यायचा मोह आवरा. ७ च्या जागी १३ बसवलं की चेन, गिअर आणि शाफ्ट तेवढ्या जोरासाठी बनलेले नसतात, पहिला दगड लागला की तिथे तुटतं. पेट्रोलच्या जागी डिझेल म्हणाल तर वजन दुप्पट किंवा त्याहून जास्त, हादरा वेगळा, तोल पुढे जातो आणि ओळीत वळवताना कंबर मोडते, तो जोड माझ्या मते करूच नये.

नवीन इंजिन पेटीतून कोरडं येतं, त्यात तेल नसतं. चालू करण्याआधी तेल भरा, पहिले काही तास हलक्या लोडवर चालवा, आणि पहिलं तेल २० तासांनी बदला, त्या पहिल्या तेलात आतला सगळा चुरा येतो.